आईचा आवाज, बाबांचा स्टिरिओ

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा गुरुवार बंद पडला. गेली सहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी ती कराओकेच्या, म्हणजे तयार साथसंगीतावर गायच्या, ग्रुपला जायची. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी तीन महिने जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं. पाय दुमडायचे व्यायाम ती न कुरकुरता करत होती, पण गुरुवारी साडेपाच वाजले की गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि तास-दीड तास कुणाशी बोलायची नाही. मी शेजारच्याच इमारतीत राहते. दुसऱ्या गुरुवारी तिला तशी बसलेली पाहिली आणि ठरवलं, हॉल तिच्या घरी आणायचा.

घरात बाबांचा स्टिरिओ होताच. १९९१ साली त्यांनी फंडातून पैसे काढून घेतलेला अँप्लिफायर, लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेयर. अजून खणखणीत वाजतो. बाबा टेलिफोन खात्यात होते, आयुष्य एक्सचेंजमध्ये वायरींच्या जंगलात गेलेलं. स्टिरिओला आम्ही मुलांनी कधी हात लावायचा नसे. मी विषय काढल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "लाव. पण ट्वीटर, तो तीव्र सुरांचा छोटा स्पीकर, उडाला तर त्या जोडीचा दुसरा मिळायचा नाही. मला विचारून लाव."

आधी अर्थातच सगळ्यात सोपा मार्ग पाहिला. भाच्याचा ब्लूटूथ माईक होता, ज्याच्या दांड्यातच स्पीकर असतो तसला. त्यातला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग तो आमच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडून पाहिला, आणि आईने पहिल्या ओळीतच गाणं थांबवलं. "मी म्हणते त्याच्या मागून कुणीतरी म्हणतंय," ती म्हणाली. ते कुणीतरी म्हणजे तीच. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकड्यांत बांधला जातो, हवेतून जातो, पलीकडे सोडवला जातो. या सगळ्यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. गाणं ऐकताना ते कळतही नाही. पण गाणाऱ्याला आपलाच आवाज उशिरा ऐकू आला की तो नकळत त्या आवाजाची वाट पाहतो, आणि लय मागे पडत जाते. खोलीत तीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा शंभरावा हिस्साही लागत नाही. तेवढा उशीर कान सहज पोटात घालतो. त्यामुळे एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की झाली. माईकपासून स्पीकरपर्यंत सगळं वायरने जाणार.

वायरचा माईक घरात एक होता, जुन्या टेपरेकॉर्डरबरोबर आलेला. कन्व्हर्टर पिन लावून मी तो अँप्लिफायरच्या मागे ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या भोकात, खोचला. आवाज मुंगीएवढा. कारण साधं आहे: माईकमधून निघणारी वीज दोन-चार मिलिव्होल्ट, आणि ऑक्सला लागते त्याच्या शंभरपट. ओळखीच्या एकाने सुचवलं, फोनोमध्ये, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या भोकात लाव, तिथे बारीक सिग्नल मोठा होतो. लावला. आवाज मोठा झाला खरा, पण आई गोधडीत तोंड घालून गातेय असं वाटलं. बाबा खोलीतून बाहेर आले. त्यांनी सांगितलं की रेकॉर्ड कापतानाच तिच्यात खर्ज मुद्दाम कमी आणि तीव्र सूर जास्त ठेवलेले असतात, आणि फोनोचं सर्किट वाजवताना ते उलटं करतं: खर्ज उचलतं, वरचं दाबतं. तबकडीसाठी ते बरोबर. माणसाचा आवाज तिथे घातला की वरचं सगळं कापलं जातं आणि खाली घूं घूं राहतं. त्यांनी स्वतः पिन काढली आणि म्हणाले, "मिक्सर लागेल. चल, गल्लीत जाऊन येऊ."

गल्ली म्हणजे तपकीर गल्ली. बुधवार पेठेतली ही गल्ली पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काही करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. बाबा नोकरीत असताना तिथे दर महिन्याला जायचे. आता पाच-सहा वर्षांनी गेले आणि रस्ता ओलांडताना माझा हात सोडून पुढे चालायला लागले. आम्ही चार चॅनेलचा छोटा मिक्सर, म्हणजे माईक आणि गाण्याचे आवाज एकत्र करणारं यंत्र, घेतला, त्यातच इकोची सोय असलेला, ५,४०० रुपयांना. माईक डायनॅमिक घेतला, बटणवाला, १,६०० रुपयांना. दुकानदार कॉर्डलेस दाखवत होता, दोन माईकची जोडी, दिसायला छान. त्या किमतीचे कॉर्डलेस बाबांना नको होते, आणि मला वाटतं ते बरोबर होतं. तेवढ्याच पैशांत वायरचा एक माईक कितीतरी चांगला येतो. डायनॅमिक माईकला वेगळी वीज लागत नाही, तो हातातून पडला तरी सहसा टिकतो, आणि लांबचे आवाज फारसे उचलत नाही. स्टुडिओतला कंडेन्सर माईक पंख्याचा, कुकरच्या शिट्टीचा, खालच्या स्कूटरचा आवाजही धरतो.

पिनांची नावं मी तिथेच शिकले. मोबाईलच्या हेडफोनची बारीक ती ईपी, गिटारला असते ती जाड पी-३८, डीव्हीडीच्या मागची लाल-पांढरी आरसीए, आणि माईकची तीन काड्यांची ती एक्सएलआर. ही चार नावं पाठ असली की काउंटरवर काम पटकन होतं. मिक्सरच्या मेन आउटमधून दोन पी-३८ निघतात, त्या आरसीए होऊन अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये. माईक एक नंबर चॅनेलला. ट्रॅक, म्हणजे गाण्याचं नुसतं साथसंगीत, लॅपटॉपवरून, त्यासाठी एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ अशी वायर दुकानदाराने दिली. घरी येऊन सगळं जोडलं तेव्हा सात वाजले होते.

आणि ट्रॅक विचित्र वाजायला लागला. व्हायोलिन होती, बासरीचा मागे रेंगाळणारा आवाज होता, पण तबला गायब. ढोलक गायब. खर्ज गिटार गायब. गाण्याची मधली माणसं उठून गेली आणि कडेची बसून राहिली, असं काहीतरी. मी आधी फाईलच खराब म्हणून दुसरी लावली. तीही तशीच. लॅपटॉप बदलला. तेच. बाबांनी ती वायर हातात घेतली, पी-३८ चष्म्याजवळ नेली आणि तिच्या टोकावरच्या दोन काळ्या रेघा मला दाखवल्या. "ही स्टिरिओ पिन आहे. दोन रेघा म्हणजे तीन भाग: टोक, कडं आणि अंग. टोकावर डावा आवाज येतोय, कड्यावर उजवा. पण मिक्सरचं हे भोक बॅलन्स्ड आहे. ते टोकावर जे येईल त्यातून कड्यावरचं वजा करतं."

मला लगेच नीट कळलं नाही. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकृती काढली. लांबच्या वायरीत बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच बसते; एकातून दुसरं वजा केलं की खरखर जाते आणि खरा सिग्नल उरतो. टेलिफोनच्या जोडतारेचं तत्त्वही हेच, त्यांनी आयुष्यभर तेच केलं. पण इथे दोन्ही तारांवर सारखं असलेलं म्हणजे तबला, ढोलक, खर्ज गिटार. कारण रेकॉर्डिंगमध्ये ती वाद्यं मधोमध ठेवतात, डाव्या-उजव्यात समान. मिक्सरने त्यांनाच खरखर समजून पुसलं. मग माझ्या लक्षात आलं की मूळ गाण्यातून गायकाचा आवाज घालवणारं जे बटण जुन्या कराओके मशिनांवर असायचं, ते हेच करायचं. गायकाचा आवाजही मधोमधच असतो. म्हणून तसल्या ट्रॅकमध्ये गायकाबरोबर तबलाही पातळ होतो.

बाबांनी कपाटावरून पत्र्याची पेटी काढली. आत २५ वॅटचं सोल्डरिंग, राळेची डबी, कथलाच्या तारेचं रीळ. जेवणाच्या टेबलावर त्यांनी मेणकापड पसरलं. वायरीचं एक टोक कापलं, बाहेरचं रबर नखभर सोललं, आतल्या तारांभोवतीची जाळी पिळून दोन शेपट्या केल्या. ईपीच्या टोकाकडून आलेली तार एका साध्या पी-३८च्या टोकाला, कड्याकडून आलेली दुसरीच्या टोकाला, जाळी दोन्हींच्या अंगाला. हात थोडे थरथरतात आता त्यांचे. म्हणून त्यांनी दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली, श्वास धरला, कथील टोकाला टेकवलं आणि ते वितळून चमकलं तसं लगेच सोल्डरिंग उचललं. राळेचा तो वास घरात कितीतरी वर्षांनी आला. आई आतून म्हणाली, "अहो, खिडकी उघडा." मग डावा तीन नंबर चॅनेलला आणि उजवा चार नंबरला. ट्रॅक लावला आणि तबला आला.

पण त्याबरोबर घूं असा आवाजही आला, गाणं थांबलं तरी चालूच. आई वॉकर धरत दारात येऊन उभी राहिली, ऐकलं आणि म्हणाली, "हा पांढरी पाचच्या जवळपास आहे, जरासा चढा." तिचा कान बरोबर होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, खालचा खालचा सूर ४९ हर्ट्झला येतो. लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली की घूं बंद. लॅपटॉपचं अर्थिंग एका बोर्डातून, मिक्सरचं दुसऱ्या बोर्डातून, आणि आवाजाच्या वायरीच्या जाळीने ती दोन जोडलेली. त्या वर्तुळातून वीज फिरते. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्यावर नव्वद टक्के गेलं. उरलेलं लॅपटॉपच्या वायरीत छोटा आयसोलेटर घातल्यावर गेलं. आत दोन ट्रान्सफॉर्मर असतात, तांब्याचा थेट संबंध तुटतो. इथे बाबांनी एक गोष्ट मला दोनदा बजावली आणि मीही ती ठासून लिहिते. घूं घालवायला काही लोक प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. ते अजिबात करू नका. माईकची जाळी लोखंडी असते, ती ओठांना लागते, आणि तिची वायर थेट त्याच यंत्रांना गेलेली असते.

आता शिट्टी. पहिल्या खऱ्या गाण्याच्या वेळी धृपद झकास झालं, मधल्या संगीतात आईने माईक खाली केला आणि अख्खी इमारत हादरेल अशी किंचाळी आली. बाबांनी झेप घेऊन अँप्लिफायर बंद केला. रागावले नाहीत, पण चेहरा उतरला. ट्वीटर उडतात ते असेच. किंचाळीतली सगळी ताकद वरच्या एका सुरात एकवटते, आणि घरगुती स्पीकरच्या त्या बोटभर घुमटाला ती पेलवत नाही.

दोन दिवस आम्ही यावरच घालवले. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा शिरतो. हे चक्र तोडायचं. आईला शब्द टीव्हीवर वाचायचे, म्हणजे तोंड टीव्हीकडे, आणि स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना. स्पीकर समोर असणं म्हणजे आमची चूक, असं मला वाटलं होतं. पण आमचा माईक समोरून ऐकतो आणि शेपटीच्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो. तोंडाशी सरळ धरला की शेपटी आपोआप स्पीकरकडे जाते. म्हणजे आईची जागा बरोबर होती. बिघडत होतं ते गाणं थांबल्यावर: माईक मांडीवर यायचा आणि त्याचं तोंड थेट उजव्या स्पीकरसमोर. दुसरं, तिला माईकची जाळी मुठीत धरायची सवय आहे. ग्रुपमध्ये बऱ्याच जणी तशाच धरतात. जाळीच्या मागच्या बाजूला छोट्या फटी असतात, माईकला मागचं ऐकू येऊ नये हे काम त्यांचंच. त्या मुठीने बुजल्या की माईक सगळीकडून ऐकायला लागतो. मी दांड्यावर, जाळीच्या खाली चार बोटं सोडून, लाल दोऱ्याचे वेढे घातले. "याच्या खाली हात." दोन गाण्यांत तिची सवय सुटली.

मग माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर आणायला सांगितला. अंतर निम्मं केलं की आवाज जवळजवळ दुपटीने पोचतो, म्हणजे मिक्सरवर तेवढा कमी ठेवता येतो, आणि शिट्टी लांब राहते. "प" आणि "फ" फुटायला लागले तेव्हा माईक किंचित तिरका धरायला लावला, आणि वर स्पंजची टोपी. तिच्या पाठीमागची भिंत उघडी होती, तिच्यावर आपटून आवाज माईकच्या तोंडात यायचा. तिथे आजीची गोधडी टांगली. अँप्लिफायरवरचं लाउडनेसचं बटण बंद केलं, कारण ते खर्ज फुगवतं. गेन, म्हणजे मिक्सर माईकचा आवाज किती मोठा करतो ते, लावायची पद्धत बाबांनी ठरवली: आईने सगळ्यात वरचा सूर पूर्ण ताकदीने लावायचा, मी गेनची कळ हळूहळू फिरवायची, लाल दिवा लुकलुकला की एक रेघ मागे. आणि चालू करताना अँप्लिफायर शेवटी, बंद करताना अँप्लिफायर आधी. म्हणजे मधल्या यंत्राचा ठप्पा स्पीकरपर्यंत जात नाही. हे वाक्य त्यांनी कागदावर लिहून मिक्सरच्या बाजूला चिकटवलंय.

टीव्हीचं काम अर्ध्या तासात झालं. लॅपटॉप वायरने टीव्हीला, टीव्हीचा आवाज शून्य. शब्द सुरांपेक्षा जरा मागून रंगत होते, कारण टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो. सेटिंगमध्ये गेम मोड लावला आणि ते जुळलं.

खरा प्रश्न पट्टीचा निघाला, आणि तो यंत्राचा नव्हता. आईची पट्टी पूर्वी काळी चार. ऑपरेशननंतर दीड महिना ती गायलीच नव्हती. वरचा षड्ज लागत होता, पण ओढून. पहिल्या दिवशी ती अंतऱ्यात दोनदा थांबली आणि माईक खाली ठेवून म्हणाली, "आता व्हायचं नाही हे." मला फार वाईट वाटलं, कारण तेवढा सगळा खटाटोप त्या एका वाक्यासाठी नव्हता केला. मग लॅपटॉपवर असं सॉफ्टवेअर लावलं ज्यात लय न बदलता ट्रॅकचा सूर वर-खाली करता येतो. एक अर्धस्वर खाली, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला ट्रॅक पांढरी चारवर आला. त्याच्या खाली गेलं की सनई घसा बसल्यासारखी वाटायला लागते, तबला ओला होतो. तीनपर्यंत कान तक्रार करत नाही. मी तिला सांगितलं नाही. ट्रॅक लावला. ती अंतऱ्यापर्यंत गेली, वरचा सूर घेतला, तो घेऊन तिथे थांबली, आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

कराओके या गोष्टीची सुरुवातच मुळी पट्टीतून झाली, हे मी नंतर वाचलं. १९७१ साली जपानमध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने पहिल्यांपैकी एक मशीन बांधलं. तो बारमध्ये गिऱ्हाइकांना साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं, तेव्हा त्याने त्या माणसाच्या गळ्याला सोसेल अशी साथ टेपवर भरून दिली. "कारा" म्हणजे रिकामा, आणि "ओके" हा ऑर्केस्ट्राचा जपानी तुकडा. हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "पेटीवाले आम्हाला हेच विचारायचे ना, पट्टी कुठली, बाई?"

इकोबद्दल आमच्या तिघांचं एकमत व्हायला वेळ लागला. हॉलमध्ये इको भरपूर असतो आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना तो आवडतो. मला घरात तो नको वाटतो. मुरकीतला मधला सूर पुढच्या सुराच्या पाठीवर चढतो आणि जागा झाकली जाते. आईने कळ आधी अर्ध्यावर ठेवली होती, मग रोज थोडी थोडी मागे आणली. आता घड्याळातल्या नऊच्या जागी आहे. "इको कमी केला की माझा श्वास मला ऐकू येतो," ती म्हणाली. "कुठे तुटतोय ते कळतं."

मागच्या गुरुवारी ग्रुपमधल्या पाच जणी आमच्याकडे आल्या. साडेपाच ते आठ. बाबांनी सगळ्यांना लाल दोरा दाखवला. समोरच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, तर त्या स्वतःच येऊन बसल्या, आणि शेवटी एक अभंगही म्हणाल्या, ट्रॅकशिवाय. एकच माईक असल्यामुळे युगुलगीतांना दोघींना डोकी जोडून उभं राहावं लागलं, आणि आईला तर बसून गायचं होतं. त्या गेल्यावर बाबांनी टेप काढली आणि मिक्सरपासून गॅलरीच्या दारापर्यंत मोजत गेले. दुसरा माईक घ्यायचा ठरलाय. वायर ते स्वतःच करणार आहेत. आई म्हणतेय सहा मीटर पुरेल. ते म्हणतायत आठ घेऊ, भिंतीच्या कडेने नेली पाहिजे, तुझ्या वॉकरमध्ये यायला नको.